घरातल्या आजारी माणसाला सांभाळायला ठेवलेली मावशी टिकत नाही आणि दर वेळी सगळं पहिल्यापासून: कुठं बिघडतं आणि काय केल्यावर थांबतं

मावशी येते, पंधरा-वीस दिवस बरं चालतं, आपण जरा निवांत होतो आणि मग एक दिवस सकाळी सकाळी फोन येतो की ताई, आजपास्नं मी यायची न्हाई. बाया पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला की ते म्हणतात काही काळजी करू नका, संध्याकाळपर्यंत दुसरी पाठवतो. दुसरी येते पण तिला घरातलं काहीच माहीत नसतं, मग बीपीची गोळी एक तर दोनदा जाते नाहीतर जातच नाही, पाणी कसं पाजायचं हे ठाऊक नसल्यानं पेशंटला ठसका लागतो, आई वैतागते, बाहेरगावच्या भावाचा फोन येतो की काय चाललंय तिथं, आणि ही सगळी घडी बसते न बसते तोवर ती पण जाते. कोल्हापुरात आमच्या ओळखीत अशी किती तरी घरं आहेत आणि सगळीकडं शेवटी एकच वाक्य ऐकू येतं, आता पूर्वीसारखी माणसंच मिळत नाहीत.

आमचं माहेर मंगळवार पेठेत. अण्णांना, म्हणजे वडिलांना, पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय, उजवी बाजू गेलेली, बोलणं तुटक. आईला शुगर आणि गुडघे. मी राजारामपुरीत, म्हणजे गाडीवर लगेच पोचता येतं, भाऊ पुण्यात. या सगळ्यातून जाताना मला जे कळलं ते असं की इथं दोन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत आणि आपण ते एकच समजून चालतो. एक म्हणजे मावशी का जाते. दुसरा म्हणजे ती गेल्यावर घर का कोलमडतं. पहिल्यावर आपण सगळी ताकद लावतो, चांगली मावशी बघा म्हणून चार जणांना सांगून ठेवतो, पण कितीही चांगली असली तरी तिच्या घरात लग्न असतं, सासू आजारी पडते, तिची स्वतःची कंबर धरते, ती कधी ना कधी जाणारच आहे. म्हणून आधी दुसरा प्रॉब्लेम सोडवा. तो पूर्ण आपल्या हातात आहे.

घर कोलमडतं कारण पेशंटचं सगळं त्या एका बाईच्या डोक्यात असतं. अण्णांना चहा कुठल्या बाजूनं पाजायचा, कुठल्या कुशीवर त्यांना झोप लागते, हात वर करून काहीतरी पुटपुटले की त्यांना लघवीला झालीय का पाणी पाहिजे, हे तिनं महिनाभर बघून बघून शिकलेलं असतं आणि ती गेली की ते सगळं तिच्यासोबत एसटीत बसून गावाला जातं. डॉक्टरांच्या फाईलमध्ये यातलं काही नसतं. फाईलमध्ये रिपोर्ट असतात.

तर पहिलं काम, वही. साधी दोनशे पानी वही, पलंगाजवळ दोरीनं बांधून ठेवायची, नाहीतर ती घरभर फिरते आणि ऐन वेळी सापडत नाही. आमच्या वहीचं पहिलं पान मी जसंच्या तसं सांगते कारण नुसतं माहिती लिहून ठेवा म्हटलं की कुणाला काय लिहायचं ते कळत नाही.

"अण्णांना झोपवून काहीही पाजायचं नाही, भरवायचं नाही. पलंगाची पाठ वर करून ताठ बसवायचं, मागं उशी, हनुवटी किंचित खाली. घास डाव्या गालात ठेवायचा कारण उजव्या बाजूला घास अडकून राहतो आणि त्यांना कळत नाही. छोटा चमचा. गिळलं का बघूनच पुढचा घास. पाणी पातळ असल्यानं त्यांना ठसका लागतो म्हणून डॉक्टरांनी सांगितलेली पावडर घालून दाटसर करून द्यायचं. जेवण झाल्यावर तोंडात बोट फिरवून उजवा गाल साफ करायचा. अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं, लगेच आडवं करायचं नाही. जेवताना टीव्ही बंद."

बस, एवढंच एक पान. पण हे पान नसताना नवीन मावशी प्रेमानं, आडवं झोपवूनच, वाटीनं पेज पाजायला जाते आणि ती पेज श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. तिची काय चूक, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. (दाट करायची पावडर घालायची का नाही आणि किती, हे तुमच्या डॉक्टरांना किंवा गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टना विचारूनच, प्रत्येकाचं वेगळं असतं.)

दुसरं पान गोळ्यांचं. इथं नावं लिहून उपयोग होत नाही कारण दुकानात ती कंपनी नसली की दुसऱ्या कंपनीची गोळी देतात, नाव बदलतं, स्ट्रिपचा रंग बदलतो आणि मावशीला वाटतं ही नवीन गोळी आहे, मग जुनी पण देते आणि नवीन पण. त्यामुळं रविवारी घरच्याच माणसानं आठवड्याच्या डब्यात गोळ्या भरायच्या, सकाळ दुपार रात्र असे कप्पे असलेला डबा मेडिकलमध्ये मिळतो, आणि मावशीनं फक्त त्या वेळेचा कप्पा उघडायचा. स्ट्रिपा सगळ्या कपाटात कुलपात. रिकामा कप्पा म्हणजे दिली, भरलेला म्हणजे राहिली, संध्याकाळी आल्या आल्या एका नजरेत कळतं. अजून एक गोष्ट, गिळता येत नाही म्हणून गोळ्या कुटून देतात बऱ्याच घरात, पण नावापुढं एसआर, ईआर, एक्सआर असलं काही लिहिलेलं असलं तर ती हळूहळू विरघळणारी गोळी असते, ती कुटली की सगळं औषध एकदम अंगात जातं. अशी गोळी असली तर डॉक्टरांकडून बदलून घ्या, घरी आपल्या मनानं काही करू नका.

आईच्या शुगरचं वेगळं पान. ७० च्या खाली आली किंवा एकदम घाम, थरथर, विचित्र बोलणं सुरू झालं तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी परत शुगर बघायची, कमीच असली तर परत द्यायची. शुद्ध नसली तर तोंडात काहीही घालायचं नाही, १०८ ला फोन. आणि जेवली नाही तर इन्सुलिन द्यायच्या आधी मला फोन, हे लाल पेनानं. आमची आई उपास धरते आणि सांगत नाही. संकष्टीला सकाळपासून पोटात काही नाही आणि मावशीनं रोजच्याप्रमाणं इन्सुलिन दिलं तर काय होईल विचार करा. त्यामुळं कॅलेंडरवर संकष्टी आणि एकादशीला गोल करून ठेवलाय.

तिसरं पान कूस बदलायचं. अंथरुणातल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलायची, आणि एअर बेड (पंपानं हवा भरणारी गादी) घेतला म्हणजे बदलायची गरज नाही असं अजिबात नाही, दुकानदार काहीही सांगू दे. कंबरेच्या खाली माकडहाड, टाचा, घोटे आणि खुबे रोज पुसताना बघायचे. लाल दिसलं तर बोटानं दाबायचं, बोट काढल्यावर लाली पांढरी होऊन परत आली तर ठीक, लालची लालच राहिली तर तिथं जखम सुरू होतेय. तिथं चोळायचं नाही, तेल नाही पावडर नाही, त्या कुशीवर झोपवायचंच बंद करायचं आणि मला फोन. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही, त्यामुळं तिथं हात लावून गरम किंवा टणक लागतंय का ते पण बघायचं. टाचा उचलून धरायला पोटऱ्यांखाली उशी. गोल रिंगची उशी घेऊ नका, तिच्या कडेनं उलट दाब येतो. आमच्याकडं भिंतीवर घड्याळाच्या खाली एक कागद चिकटवलाय, त्यावर वेळ आणि डावी, उताणे, उजवी असं लिहिलेलं, मावशीनं फक्त टिक करायची.

आता खरी अडचण, सगळ्या मावशींना वाचता येतंच असं नाही, आणि येत असलं तरी दोनशे पानी वही कोण वाचणार. त्यामुळं वही घरच्यांसाठी, आणि मावशीसाठी मोबाईल. आधीची मावशी अण्णांना बसवताना, भरवताना, चादरीनं वर सरकवताना छोटे छोटे व्हिडिओ काढून घेतले (अंग झाकलेलं असताना, अण्णांना विचारून, आणि मावशींना पण विचारून, हे महत्त्वाचं), आणि नवीन बाई ठरली की आदल्या रात्रीच व्हॉट्सॲपवर पाठवायचे, सोबत माझ्या आवाजात मेसेज. बाई बाईकडून लवकर शिकते. आपण सांगितलं की तिला ते हुकूम वाटतं.

आणि अदलाबदलीच्या वेळी एक दिवस दोघी पाहिजेत. त्या दिवशीचा दोघींचा पगार द्यायचा, कुरकुर करायची नाही. आमच्या घरात यावरनं चर्चा झाली की दुप्पट पैसे कशाला, पण चुकीच्या भरवण्यानं छातीत कफ होऊन दवाखान्यात ॲडमिट करायला लागलं की किती जातात ते एकदा बिल काढून बघितलं की ही चर्चा संपते. अचानक सोडून गेलेली असली तर अर्थात हे जमत नाही, म्हणूनच ते व्हिडिओ.

एवढं केलं की मावशी गेली तरी घर दोन दिवसात रुळावर येतं. आता ती का जाते ते.

ब्युरोला विचारून कारण कळत नाही. ते सांगतात घरची अडचण. प्रत्येकीची घरची अडचण कशी असेल. तिलाच विचारायचं, पण जाताना नाही, गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी फोन करून, पैशाचा हिशेब पूर्ण झाल्यावर, आणि परत ये असं काहीही न म्हणता. तेव्हा खरं बोलतात. मला अशा फोनमधून जे कळलं ते कुठल्याही ब्युरोच्या फॉर्मवर नसतं.

एकीनं सांगितलं, ताई, अण्णांचं सगळं करायला माझं काय न्हाई, पण माझा चहाचा कप खिडकीत पालथा असायचा बगा. आईनं तिच्यासाठी वेगळा कप ठेवला होता, कडेला टवका उडालेला, आणि चहा झाला की तिनं तो स्वतः विसळून खिडकीतच ठेवायचा, बाकीच्या भांड्यांत नाही. जी बाई माझ्या वडिलांची घाण काढते, त्यांना स्वतःच्या हातानं घास भरवते, तिचा कप खिडकीत. आईशी यावर बोलणं सोपं नव्हतं, तिच्या पिढीला यात काही वावगं वाटत नाही आणि ती मनानं वाईट नाही. शेवटी मी आणि वहिनीनं मिळून मांडणीवरचे सगळे जुने कप काढले आणि सारखे सहा कप आणून ठेवले, सगळ्यांना तेच. आई आठ दिवस गप्प होती. मग रुळली. तुमच्या घरात मावशी टिकत नसेल तर पहिल्यांदा हे बघा, ती कुठं बसून जेवते, काय जेवते, शिळं देतात का, कुठला संडास वापरायला देतात.

दुसरं कारण झोप. २४ तासांची बाई ठेवली म्हणजे ती २४ तास जागी असणार असं घरातले सगळे धरून चालतात. रात्री दोन-दोन तासांनी कूस बदलायला उठायचं आणि दिवसभर पण काम, हे कुठलंही माणूस महिन्याच्या वर करू शकत नाही. पेशंट रात्री जागा असेल तर एक तर रात्रीची बाई वेगळी, नाहीतर दुपारी सलग तीन-चार तास तिला झोपायला द्या आणि तेवढा वेळ घरचं कुणीतरी किंवा तासावरची बाई. हे परवडणारं नाही हे मला माहिती आहे. आम्ही आठवड्यातल्या काही रात्री आपापसात वाटून घेतो, भाऊ शनिवारी पुण्याहून येतो त्या रात्री मावशी घरी जाते.

तिसरं, कामं चिकटत जातात. पेशंटचं करायला आलेली असते, मग जरा भांडी घासा, जरा कोथिंबीर निवडा, पाहुणे आलेत चहा टाका. पेशंटला बघायला येणाऱ्या पाहुण्यांचा चहा हे आपल्याकडचं मोठं दुखणं आहे, कोल्हापुरात आजारी माणसाला बघायला न जाणं म्हणजे अपमान आणि आल्यावर चहा न देणं म्हणजे महाअपमान. काय काम तिचं आणि काय नाही हे पहिल्या दिवशी, घरातल्या सगळ्यांच्या समोर, आईच्या पण समोर बोलून घ्यायचं. जास्तीचं काम करून घ्यायचं असेल तर त्याचे पैसे वेगळे ठरवायचे.

चौथं, कंबर. बहुतेक बायका पेशंटला बगलेत हात घालून उचलतात कारण त्यांना दुसरं काही शिकवलेलंच नसतं. त्यानं पेशंटचा गेलेला खांदा दुखावतो आणि तिची कंबर जाते. अंगाखाली आडवी घातलेली एक जाड चादर, दोघींनी दोन्हीकडून धरून सरकवायचं, ओढायचं नाही, एवढ्यानं खूप फरक पडतो. फिजिओ घरी येतात तेव्हा एक सेशन पेशंटऐवजी मावशीला शिकवायला द्या. पलंग खालीवर होणारा असेल तर उत्तम, भाड्यानं मिळतो, विकत घ्यायची घाई करू नका.

पाचवं कारण कुणी बोलत नाही पण बोललं पाहिजे. पुरुष पेशंटची अंघोळ, लघवी, डायपर बाईकडून करून घेताना पेशंटला लाज वाटते आणि बाईला पण. त्यात मेंदूच्या आजारात काही माणसांचं भान सुटतं, हात कुठंही जातो, तोंडात शिव्या येतात, आयुष्यभर मान खाली घालून चाललेला माणूस असला तरी. तो त्यांचा स्वभाव नसतो, आजार असतो, डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, त्यावर उपाय असतात. पण मावशीनं ते सहन करावं असं मात्र नाही. तिला आधीच सांगायचं, असं झालं तर बाजूला व्हा आणि मला लगेच फोन करा, मी तुमच्यावरच विश्वास ठेवीन. आम्ही अंघोळीसाठी सकाळचा एक मामा वेगळा लावलाय, दवाखान्यात वॉर्डबॉय म्हणून काम केलेला. अण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण पहिल्याच दिवशी गेला.

याच्या उलट बाजू, चोरीचा आळ. विसरण्याचा आजार असलेल्या माणसाला वस्तू सापडली नाही की ती कुणीतरी नेली असंच वाटतं, हे त्या आजारातलं नेहमीचं लक्षण आहे. आमच्या शेजारच्या काकू रोज पाटल्या गेल्या म्हणून ओरडतात, पाटल्या बँकेत लॉकरमध्ये आहेत. सोनं आणि जास्तीची कॅश घरात ठेवूच नका, त्यात मावशीचंच संरक्षण आहे. पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, आधार कार्डाची कॉपी घ्या, पण तिला सांगून, तोंडावर.

ब्युरोबद्दल थोडक्यात, कारण त्यावर डोकं आपटून फार काही मिळत नाही. आम्हाला एका ब्युरोनं सगळं येतं म्हणून बाई पाठवली, ती आदल्या दिवशीपर्यंत एका दुकानात कामाला होती, तिनं कधी डायपर बदललेलं नव्हतं. त्यामुळं तोंडी विचारू नका, येतं का म्हटलं की सगळ्याच हो म्हणतात. समोर करून दाखवायला सांगा, कूस बदलून दाखवा, बसवून दाखवा. कागदावर चार गोष्टी घ्या: रजिस्ट्रेशनचे पैसे किती दिवसांसाठी आणि किती वेळा बदली फुकट, सुट्टीची बदली कोण देणार, बाईच्या हातात आपण दिलेल्यातले किती पडतात, आणि ब्युरोला मधून वगळून बाईला आपणच परस्पर ठेवलं तर काय. तिसरा प्रश्न त्यांना आवडत नाही पण विचाराच. तिच्या हातात फारच कमी पडत असेल तर ती गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत जाणारच, तिथं निदान आठवड्याची सुट्टी आहे.

भावंडांचं. मावशीला फोन एकानंच करायचा. भाऊ पुण्याहून एक सांगतो, बहीण मुंबईहून दुसरं, आत्या येऊन तिसरंच, बाई बिचारी कुणाचं ऐकणार. आमच्यात ठरलंय की मावशीला सूचना मी देते, भाऊ पैसे आणि डॉक्टरांचं बघतो, आणि त्याला काही खटकलं तर तो मला सांगतो, तिला नाही. त्याचा संध्याकाळचा व्हिडिओ कॉल अण्णांशी गप्पा मारायला, तपासणी करायला नाही.

आता कोल्हापूरचं कॅलेंडर. बहुतेक मावशी करवीर, पन्हाळा, राधानगरी, कागल भागातल्या गावातून येतात आणि त्यांच्या सुट्ट्या ठरलेल्या असतात, तरी दर वर्षी आपल्याला धक्का बसल्यासारखं होतं. चैत्रात जोतिबाची यात्रा, मे महिन्यात लग्नं, आषाढात त्र्यंबोलीला पाणी आणि गावोगावच्या जत्रा, बेंदूर, गौरी-गणपतीला तर विचारूच नका, नवरात्रात उपास आणि देवीला जायचं असतं, दिवाळीला माहेर. जानेवारीतच तिच्यासोबत बसून कॅलेंडरवर खुणा करायच्या, कुठले दिवस तुला हवेतच ते सांग, आणि ते दिवस घरच्यांनी आत्तापासून आपल्या रजेत धरायचे. सुट्टी हक्कानं मिळतेय म्हटल्यावर खोटं बोलून न येण्याचं प्रमाण एकदम कमी होतं, हा माझा अगदी खात्रीचा अनुभव.

आणि पाऊस. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये काय झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको, हायवे शिरोलीजवळ बंद, गावं तुटलेली, शहराचे पाणी उपसायचे पंप बुडाल्यामुळं नळाला पाणी नाही. अंथरुणातला पेशंट असलेल्या घरात पाणी नसणं म्हणजे काय हे ज्याचं त्यालाच कळतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, पण ३९ ची वाट बघत बसायचं नाही, पाणी झपाट्यानं चढायला लागलं की त्याच दिवशी मावशीला विचारायचं की राहतेस का घरी जातेस. तिच्या घरात पाणी येणार असेल तर तिला जाऊ द्यायचं, अडवायचं नाही, तिची पोरं तिकडं आहेत. जूनच्या पहिल्या आठवड्यातच औषधं, डायपर, पावडर, इन्सुलिन तीन आठवड्यांचं घरात. लाईट गेल्यावर एअर बेडचा पंप बंद पडतो आणि गादी बसते, तेव्हा साधी जाड गादी वर घालून कूस बदलणं जास्त वेळा. नागाळा पार्क, शाहूपुरी, उत्तरेश्वरच्या सखल भागात पेशंट असेल तर पाणी दारात यायच्या आधी हलवा, बोटीतून पॅरालिसिसच्या माणसाला काढणं फार अवघड जातं.

सरकारी गोष्टींत उपयोगाच्या दोन-तीनच. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ७० आणि त्यावरच्या वयाच्या सगळ्यांना उत्पन्न कितीही असलं तरी आयुष्मान कार्ड मिळतं, कुटुंबामागं वर्षाला ५ लाखांपर्यंत, पण ते दवाखान्यात ॲडमिट झाल्यावरचं, घरच्या मावशीचा पगार त्यात बसत नाही, तशी आशा लावून बसू नका. पेन्शनीचा हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये लागतो, त्यासाठी अण्णांना बँकेच्या पायऱ्या चढवायची गरज नाही, पोस्टमन घरी येऊन जीवन प्रमाण, म्हणजे तोच दाखला ऑनलाईन, करून देतो, ७० रुपये घेतात, बोटांचे ठसे उमटत नसतील तर मोबाईलवर चेहरा दाखवून पण होतं. आणि १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाईन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते, वृद्धाश्रम, डे केअर, कायद्याची माहिती विचारायला बरी पडते.

शेवटी, सकाळी तो फोन आलाच, मी यायची न्हाई म्हणून, तर त्या क्षणी काय करायचं. भांडायचं नाही, बाकीचा पगार त्याच दिवशी जी-पे करायचा, कारण उद्या हिलाच परत विचारायची वेळ येऊ शकते आणि तिच्या ओळखीच्या चार जणी आहेत. मग ब्युरोला फोन. मग पलंगापाशी जायचं आणि चार गोष्टी बघायच्या: डब्यातला सकाळचा कप्पा रिकामा आहे का, डायपर ओला आहे का, लालीची जागा कशी आहे, शेवटची कूस किती वाजता बदललीय. अंघोळ एक दिवस नाही झाली तरी चालतं, केर चालतो, देवपूजा पण उशिरा चालते, या चार गोष्टी मात्र नाही. आईला सांगायचं की मावशी आज येणार नाहीत, कारण नाही सांगायचं, नाहीतर दिवसभर तोच विषय. पेशंट आदल्या दिवशीपेक्षा वेगळाच वागत असेल, एकदम गोंधळलेला, झोपाळू, ओळखत नाही, तर नवीन माणसामुळं बावचळलेत असं समजून सोडून देऊ नका, म्हाताऱ्या माणसात लघवीचं इन्फेक्शन बऱ्याचदा असंच दिसतं, तापाशिवाय पण, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि ऑफिसात अर्धा दिवस कळवून टाका, एक तासात येतो म्हणून जाऊ नका, नवीन बाई आली तरी पहिलं जेवण तिनं तुमच्या समोर भरवलं पाहिजे.